मोड, घडणावळ आणि जुना वेताळ

आर्थिक मंदी आली की माणसे आधी हौस बंद करतात आणि मग घरात साठवलेले विकायला काढतात, असा आपला सर्वसाधारण समज असतो. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेत घडलेला एक व्यवहार या समजाला छेद देतो. २००८ च्या मंदीची धग निवलेली नसताना 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत दहा लाख डॉलरला विकली गेली. हा अंक जून १९३८ चा, सुपरमॅनचे पहिले दर्शन घडवणारा. मूळ किंमत दहा सेंट. पुढे नोव्हेंबर २०११ मध्ये याच अंकाची एक प्रत एकवीस लाख डॉलरच्या वर गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये एका प्रतीला साठ लाख डॉलर आले. असे आकडे मराठी पुरवण्यांतूनही झळकतात आणि त्यांच्या पाठोपाठ 'तुमच्या माळ्यावरही खजिना असू शकेल' हा सूर लागतो. बीड जिल्ह्यात बसून हे वाचताना हसू येते, हे खरे. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्याकडच्या माळ्यांवरूनही अशी बोचकी खाली उतरू लागली आहेत. मराठीच्या अध्यापकांनी त्यांच्याकडे कसे पाहावे, याबद्दल आम्हांला थोडे बोलायचे आहे.

या बोचक्यांत असते काय? 'चांदोबा'चे अंक असतात, अमर चित्र कथा असतात. पण ज्यांच्यासाठी पुण्या-मुंबईहून विचारणा होते ते मुख्यतः इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये ही माला सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली तेव्हा अंकांची संख्या आठशेच्या पुढे गेली होती. वेताळ, मँड्रेक, आणि १९७६ पासून आबिद सुरती यांचा बहादूर. हे अंक आमच्याकडे येत ते एस.टी.ने, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांबरोबर. (परळीला रेल्वे जुनीच, बीड शहरात मात्र गाडी येण्यासाठी १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले.) बसस्थानकावरच्या स्टॉलवरून एक अंक आला की तो आळीभर फिरे. काही दुकानदार तो दिवसाच्या भाड्याने देत. शेवटी वरची-मागची पाने गेलेला अंक किराणा दुकानात पुड्या बांधायला जाई. जे उरले ते कोणाच्या तरी हट्टामुळे उरले.

या अंकांचे वाङ्मयीन मोल काय, असा प्रश्न आमचे काही सहकारी करतात आणि उत्तराची वाट न पाहता निघून जातात. त्यांना आम्ही फक्त 'वेताळ' या नावापाशी थांबवू इच्छितो. ली फॉकचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वृत्तपत्रांत अवतरला, महामंदीच्याच दशकात. बंगालीत तो 'अरण्यदेव' झाला. मराठीत आणि हिंदीत 'वेताळ'. आता आमच्या भागातल्या १९७० च्या आसपासच्या एखाद्या मुलाचा विचार करा. त्याच्या गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला वेताळ असे, भुतांचा राजा आणि तरीही गावाचा राखणदार. महिन्याच्या महिन्याला 'चांदोबा'त प्रेताच्या आश्रयाने विक्रमाच्या खांद्यावर बसून प्रश्न घालणारा वेताळ भेटे. शंकर या चित्रकाराचे ते चित्र एका पिढीच्या डोळ्यांपुढून हललेले नाही. आणि तिसरा हा, घट्ट पोशाखातला, मुखवटा लावलेला, घोड्यावरून जंगल राखणारा गोरा. मूळ इंग्रजीत त्याला चालणारे भूत म्हटले जाते, म्हणजे नाव देणारा फार आडवाटेला गेला नव्हता. पण आफ्रिकी वाटणाऱ्या जमातींवर पिढ्यान्‌पिढ्या अधिकार गाजवणारा गोरा पुरुष आमच्या शिवेवरच्या लोकदैवताचे नाव घेऊन घरात आला आणि कोणालाही ते खटकले नाही, ही गोष्ट उत्तरवसाहतवादाच्या तासाला चार परकीय नावे सांगण्यापेक्षा जास्त बोलकी आहे. भारतीय आवृत्तीत मूळच्या 'बंगाली' या प्रदेशाचे 'डेंकाली' झाले आणि 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा'. इथल्या वाचकाच्या भावना कुठे दुखावतील याचा अंदाज संपादकांना होता. भाषांतरमीमांसेचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्यांना याहून हाताशी असलेले साधन कोणते हवे?

प्रश्न आहे तो हे साधन विकले जाते त्या घडीचा. ऊसतोड मजुराच्या कोपीत कॉमिक्स नव्हती, हे आम्ही जाणतो. ती होती तालुक्याच्या गावातल्या पगारदारांच्या आणि दुकानदारांच्या घरांत. पण अशा गावात दुकानाची उधारी पावसावर आणि कापसावर अवलंबून असते. २०१५-१६ च्या दुष्काळात आणि नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत ही घरे चेपली गेली, २०२० च्या टाळेबंदीत काही दुकानांचे शटर पुन्हा वर गेलेच नाही. घर विकायचे, धाकट्याकडे पुण्याला राहायला जायचे, मग माळा रिकामा करायचा, असा क्रम असतो.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी जुनी माणसे घरातली तांब्या-पितळेची भांडी विकल्याचे सांगतात. ती भांडी मोडीत गेली. मोडीचा हिशेब कोणत्याही मराठी घराला सांगावा लागत नाही: धातूचे वजन होते, घडणावळ शून्य. हंड्यावरचे नाव, सासरी आल्याचे साल, ठोक्यांची नक्षी, सगळे काट्यावर एकच. रद्दीवाल्याच्या काट्यावर इंद्रजालाचे हेच होते. आणि मंदीत खरा धंदा होतो तो मोड आणि घडणावळ यांच्या मधल्या फटीत. रद्दीच्या भावाने गठ्ठा उचलायचा, अंक सुटे करायचे आणि शहरातल्या संग्राहकाला एकेक अंक विकायचा. या फटीत उभा राहणारा माणूस चोर नव्हे. तो धावतो, शोधतो, वाळवी लागलेल्या गठ्ठ्याचा धोका पत्करतो. तरीही एक भेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो. विकणाऱ्याला सुगावा लागू न देणे हेच ज्याचे भांडवल आहे, त्याचा नफा श्रमाचा नसून समोरच्याच्या अडचणीचा असतो.

दुसऱ्या बाजूला, ही वस्तू म्हणजे गुंतवणूक आहे असे तरुणांना सांगणे हाही अडाणीपणाच. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून बाजारात आला. लाखो लोकांनी तो न उघडता जपून ठेवला, अनेकांनी दोन-दोन प्रती. पुढच्या वर्षापासून बाजार घसरला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलसारख्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारण साधे आहे. १९३८ चा अंक दुर्मिळ झाला तो मुलांनी वाचून फाडल्यामुळे, आयांनी केराबरोबर टाकल्यामुळे. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मिळ होत नाही. आमच्याकडे आज 'संग्राह्य आवृत्ती' म्हणून छापून विकली जाणारी पुस्तके घेताना विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

संग्राहकांविषयी आमचे मत संमिश्र आहे. त्यांचे प्रश्न ठरलेले: अंक कितवा, मधली पाने आहेत का, पिना गंजल्यात का, मुखपृष्ठावर नाव लिहिले आहे का. पिन गंजली की मधले जोडपान सुटते, त्यामुळे हा प्रश्न वाजवी. पण नाव लिहिलेले असणे हा दोष? 'इयत्ता सहावी, तुकडी ब' असे शाईने लिहिलेले मुखपृष्ठ म्हणजे त्या अंकाचा वाचक कोण होता याचा पुरावा, आणि वाचनसंस्कृतीवर प्रबंध लिहिणाऱ्याला हाच पुरावा मिळत नाही. अमेरिकेत २००० सालापासून अंकाला गुण देऊन तो प्लॅस्टिकच्या कवचात कायमचा बंद करणारी संस्था आहे. कवच फोडले की दिलेले गुण रद्द. म्हणजे वाचले तर किंमत उतरते. साहित्याच्या अभ्यासकाला याहून विपरीत काही सुचणार नाही.

मात्र हेही मान्य केले पाहिजे की हे अंक टिकले ते संग्राहकांमुळे, आम्हां अध्यापकांमुळे नव्हे. आमच्या पाहण्यातल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत इंद्रजालाची नोंद नाही. 'किशोर' सुदैवी ठरला. बालभारतीने १९७१ पासूनचे त्याचे अंक सर्वांसाठी खुले केले. इंद्रजालामागे तशी संस्था उभी नव्हती.

चित्र आणि अक्षर एकत्र आले की ते पोरकट, ही समजूत आमच्या जिल्ह्यात तरी टिकू नये. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. भल्या मोठ्या कापडावर ओव्या आणि आकृत्या एकमेकांत गुंफून त्यांनी पंचीकरण मांडले. ती पासोडी अखंड राहिली, म्हणून आज वाचता येते. तिचे वीतभर तुकडे करून विकले असते तर प्रत्येक तुकडा सुंदर दिसला असता आणि ग्रंथ नाहीसा झाला असता. पैठणच्या चित्रकथींची पाने आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहताना त्यांच्या जोडीचे निवेदन ऐकू येत नाही, ही उणीव जाणवतेच. कॉमिक्सच्या बाबतीत आमची मुख्य हरकत इथे आहे. एका घराने वीस वर्षे जमवलेला गठ्ठा हा एक संच असतो. कोणते अंक घेतले, कोणते सोडले, कोणते वाचून झिजले, हे तो सांगतो. सुटा विकला की हे सगळे जाते.

म्हणून आमचे म्हणणे असे की मंदीच्या वर्षांत मराठी विभागांनी आणि तालुक्यांच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी खरेदीला उतरावे. चकचकीत प्रती संग्राहकांना लखलाभ. फाटके, नाव घातलेले, वाचनाचे अंक अजूनही आमच्या आवाक्यात आहेत. विकणाऱ्याला मात्र शहरात भाव काय चालतो ते आधी सांगावे आणि मग आपली ऐपत सांगावी. 'दुष्काळात कॉमिक्स कसली घेता' असे विचारणाऱ्यांना उत्तर एवढेच की सुकाळात कोणी विकतच नाही.

मागील वर्षी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने वडिलांचा गठ्ठा विकायला काढला, तेव्हा आम्ही हे करून पाहिले. शहरातला भाव ऐकून त्याने वेताळाचे सुरुवातीचे सात अंक बाजूला काढले आणि ते वेगळे विकले. आम्हांला वाईट वाटले. पण त्याच्या घरची फीची तारीख जवळ आली होती. उरलेला गठ्ठा घ्यायचा तर महाविद्यालयाच्या नियमाप्रमाणे बिल हवे, तीन ठिकाणचे दरपत्रक हवे. माळ्यावरच्या बोचक्याचे दरपत्रक कोण देणार? अखेर आम्ही चौघांनी वर्गणी काढली आणि अंक विभागाला भेट म्हणून नोंदवले. नोंदवहीत ते 'ग्रंथ' की 'नियतकालिक' यावर ग्रंथपालांशी झालेली चर्चा दोन दिवस चालली. गेलेल्या सात अंकांची मुखपृष्ठे त्याने देण्यापूर्वी मोबाइलवर टिपून दिली होती, तीही छापून जागच्या जागी लावली आहेत. सध्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी सर्व अंकांतील विशेषनामांची सूची करीत आहेत. 'डेंकाली'पाशी त्यांचा पहिला वाद झाला.