जू उतरले, तरी मान ताठच



पिकाची पाने पिवळी पडली की आपण लगेच फवारणीचा पंप काढतो. पण पुष्कळदा दोष पानात नसतो. रानात पाणी साचलेले असते, वाफसा नसतो, मुळांना हवा मिळत नाही. तेथे आधी चर काढावा लागतो. माणसाच्या दुखण्याचेही काही वेळा असेच असते. मान आखडते, डोके धरते, पोटात गोळा येतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. गोळ्या होतात, सलाईन होते. तपासणीत काही निघत नाही. मग घरचेच म्हणतात, "सोंग आहे." सोंग नसते. दुखणे खरे असते, मूळ मात्र काळजीत असते.

अमेरिकेत शिकागो येथील डॉ. एडमंड जेकबसन (१८८८-१९८३) यांनी या विषयाचा जन्मभर अभ्यास केला. त्यांनी यंत्राने स्नायूंतील अगदी सूक्ष्म विद्युत मोजली. हात न हलवता तो वाकवण्याचा नुसता विचार केला, तरी त्या हाताचे स्नायू किंचित ताणले जातात, असे त्यांना आढळले. म्हणजे मनातील विचार अंगात उतरतो. मग उलटही व्हावे: अंग सैल सोडायला शिकले, तर मनही निवळावे. ही पद्धत त्यांनी १९२९ मध्ये 'प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन' या ग्रंथात मांडली. त्यांची मूळ शिकवण कित्येक महिने चाले. पुढे इतरांनी ती आटोपशीर केली.

संध्याकाळी आपण बैलांच्या मानेवरचे जू उतरवतो. माणूस मात्र कर्जाचे, लेकीच्या लग्नाचे जू मानेवर घेऊनच अंथरुणाला पाठ टेकतो. त्यासाठी ही कृती करून पाहा.

निजण्यापूर्वी उताणे पडा. उजवी मूठ घट्ट आवळा, मनात सातपर्यंत मोजा, आणि एकदम सोडून द्या. अर्धा मिनिट हात तसाच पडू द्या. आवळलेला हात आणि सुटलेला हात, यांतला फरक ध्यानात घ्या. सगळी मेख तेथेच आहे. मग डावी मूठ, दंड, कपाळ, मिटलेले डोळे, जबडा, खांदे कानांकडे ओढून, पोट, मांड्या आणि शेवटी पावले. एकेक भाग आवळावा व सोडावा. श्वास अडवू नये. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. एका रात्रीत गुण येणार नाही. दोन-तीन आठवडे नेमाने करावे. दिवसभर चूल, गोठा आणि रान सांभाळणाऱ्या माय-भगिनींनीही हा वेळ स्वतःसाठी काढावा.

दुखावलेला भाग आवळू नये. पायात गोळा येत असेल तर हलकेच ताण द्यावा. रक्तदाब असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत कळ, दम लागणे, अंग लुळे पडणे, वजन घटणे याला काळजी समजून घरी बसू नये. लगेच दवाखाना गाठावा. चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

या कृतीने कर्ज फिटत नाही, भावही वाढत नाही. पण झोप लागली आणि डोके थाऱ्यावर राहिले, तर बँकेत जाऊन हप्ते पुन्हा बांधून घेण्याचे बोलता येते, घरात मोकळेपणी हिशेब मांडता येतो.

घरातला कर्ता माणूस गप्प झाला, जेवणावरून उठू लागला, "आता माझे काय काम" असे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. शेजारी बसा, सरळ विचारा. घरातले कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली-मानस' सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीत बोलता येते. पिकाला रोग दिसताच आपण सल्ला विचारतो, त्यात कमीपणा मानत नाही. माणसाच्या बाबतीत तरी का मानावा?

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी.