गाजर, गवत आणि गाजरगवत

सशाला काय आवडतं, असं कुठल्याही बालवाडीत जाऊन विचारा. सगळी पोरं एका सुरात 'गाजर' म्हणून ओरडतील. त्यांच्या आईबाबांना विचारलंत तर तेही तेच सांगतील. भिंतीवरचा तक्ता घ्या, लहान मुलांचा स्वेटर घ्या, वाढदिवसाचा केक घ्या. जिथे ससा, तिथे त्याच्या हातात (हो, हातातच!) एक भलंमोठं नारिंगी गाजर. माझं मत विचाराल, तर पाळीव सशांचं जेवढं नुकसान या एका चित्रानं केलंय तेवढं सगळ्या मांजरांनी मिळूनही केलं नसेल.

हे चित्र आलं कुठून? बरंचसं श्रेय बग्ज बनीला जातं. १९४०च्या 'अ वाइल्ड हेअर' या कार्टूनमध्ये तो गाजर कुरतडत, तोंडात घास ठेवून, टेचात बोलतो. ही लकब १९३४च्या 'इट हॅपन्ड वन नाइट' या सिनेमातल्या क्लार्क गेबलवरून घेतली, असं त्याला घडवणाऱ्या मंडळींनीच सांगून ठेवलंय. गेबलसाहेब सिनेमात गाजर खात खात बोलतात. म्हणजे एका नटाच्या लकबीची नक्कल एका चित्रातल्या सशानं केली, आणि त्याची शिक्षा आज पुण्यातल्या पिंजऱ्यातला ससा भोगतोय. गंमत म्हणजे त्याआधीचा, १९०२ सालचा बिअॅट्रिक्स पॉटरबाईंचा पीटर रॅबिट बागेत घुसून लेट्यूस, शेंगा आणि मुळे खातो. चित्रातले ते लांबट लाल मुळे लोकांना गाजरं वाटतात, ती गोष्ट वेगळी. आणि एवढं खाल्ल्यावर त्याचं पोट बिघडतं, हे बाईंनी त्या काळीच लिहून ठेवलंय.

गाजर म्हणजे विष नव्हे. पण त्यात साखर असते, आणि सशाचा आकार आपण विसरतो. दोन किलोच्या सशाला पन्नास ग्रॅमचं गाजर दिलं तर ते साठ किलोच्या माणसानं दीड किलो गाजर खाण्यासारखं झालं. तेही रोज. गाजराचा हलवा कितीही आवडत असला तरी आपण एवढं नाही हो खात.

आता थोडं पोटाबद्दल, कारण सशाचा सगळा खेळ तिथेच आहे. गाय आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते. सशानं वेगळीच युक्ती काढली आहे. त्याच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एक मोठी पिशवी असते, जठराच्याही कितीतरी पट मोठी. खाल्लेलं गवत तिथवर पोचलं की आतडं त्याची चाळणी करतं. जाड, न पचणारे धागे पुढे ढकलले जातात आणि त्यांच्या त्या कोरड्या, गोल लेंड्या होतात. बारीक चुरा उलटा मागे त्या पिशवीत जातो. तिथे कोट्यवधी जिवाणू तो आंबवतात, त्यातून प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं तयार करतात, आणि काही तासांनी हा माल मऊ, चकचकीत घोसासारखा बाहेर येतो. तो ससा थेट तोंडानं उचलून खातो. नव्यानं ससा पाळणाऱ्यांना वाटतं की स्वारी अंग चाटतेय. कळलं की 'शी!' करून नाक मुरडतात. पण ते त्याचं दुसरं जेवण आहे, आणि ते चुकलं तर तो कुपोषित होतो.

या कारखान्याचा पट्टा फिरता ठेवतात ते न पचणारे धागे. हे मला फार सुंदर वाटतं: जे पचत नाही तेच पचन चालू ठेवतं. धागे कमी आणि पिष्ट-साखर जास्त झाली, म्हणजे पोळी, ब्रेड, बिस्कीट, केळं, मक्याचे दाणे सुरू झाले, की पिशवीतली जिवाणूंची वस्ती बदलते. चांगले मागे पडतात, वायू करणारे माजतात. आतडं मंदावतं, पोट फुगतं, दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे वरून सुटका नाही. आणि शिकार होणारा प्राणी असल्यानं दुखणं लपवतो. कुत्र्यासारखं कण्हत-कुंथत मालकाकडे येत नाही. कोपऱ्यात अंग आखडून बसतो, एवढंच. दहा-बारा तासांत ससा खाल्ला नसेल, लेंड्या पडल्या नसतील, तर 'उद्या बघू' म्हणायची सोय नाही.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एका सात वर्षांच्या मुलीकडे ससा होता. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. संध्याकाळी सगळी पोरं त्याच्याभोवती जमायची आणि प्रत्येक जण काहीतरी आणायचा: खारी, ग्लुकोजचं बिस्कीट, पोळीचा तुकडा, डब्यात उरलेला पराठा. ससा सगळं खायचा. 'आमचा ससा सग्गळं खातो' हे ती कौतुकानं सांगायची. वर्ष पुरं व्हायच्या आत एका सकाळी तो गेला. मोठ्यांनी तिला सांगितलं, 'उन्हाळा सोसला नाही गं बाळ त्याला.' उन्हाळा सशांना खरोखरच सोसत नाही, पण तो डिसेंबर होता. दुकानदारानं ससा विकताना पिंजरा दिला, बाटली दिली, रंगीबेरंगी दाण्यांची पिशवी दिली. गवताचा उल्लेखसुद्धा केला नाही. त्या मुलीला मी काही बोललो नाही. सात वर्षांच्या मुलीला काय सांगणार? मला राग येतो तो हजारभर रुपये मोजून घेणाऱ्या मोठ्या माणसांचा.

त्या रंगीबेरंगी दाण्यांबद्दलही सांगतो. त्यात वाटाण्याचे पोहे, मक्याचे तुकडे, लाल-हिरव्या गोळ्या असं मिसळलेलं असतं. ससा त्यातलं गोडगोड निवडून खातो आणि धाग्याच्या गोळ्या तशाच ठेवतो. (चिवड्यातले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वेचणाऱ्यांनी त्याला नावं ठेवू नयेत.) एडिंबरा विद्यापीठात सशांवर झालेल्या अभ्यासात हेच दिसलं. अशा मिश्रणावर ठेवलेले ससे निवडून खात होते, वजनं वाढत होती, आणि जोडीला गवत नसेल तर दातांचे आजारही होत होते. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजायला तासन्‌तास गवत चघळावं लागतं. बिस्किटानं दात झिजत नाहीत.

मराठीत शोधायला गेलं तर 'ससेपालन' या विषयावर माहिती मिळते, पण ती मांसासाठी ससे वाढवणाऱ्यांची. मका, पेंड, गव्हाचा कोंडा, लसूणघास असा तो खुराक असतो. त्या कामाला तो बरोबरच आहे. तिथे सशाला तीनेक महिन्यांत दोन किलोचं करायचं असतं आणि हिशेब तिथेच संपतो. घरचा ससा आठ-दहा वर्षं जगू शकतो. त्याला रोज तोच खुराक घालणं म्हणजे जन्मभर पैलवानाचा खुराक खाऊन टीव्हीसमोर बसण्यासारखं आहे.

मग घालायचं काय? गवत. सुकं गवत, चोवीस तास, हवं तेवढं. त्याच्या जेवणाचा ऐंशी टक्क्यांहून मोठा भाग गवतच हवा, रोज साधारण त्याच्या अंगाएवढा ढीग. यावर लगेच प्रश्न येतो की ते परदेशी टिमथी गवत किती महाग! महाग आहेच. पण आपल्याकडे काय गवत उगवत नाही? आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्याच दूर्वा, हिचं सुकं गवत परदेशातही बर्म्युडा नावानं सशांना घालतात. मारवेल, पवन्या, ओटाचं गवत, सगळं चालतं. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, डोंगरगवत कापतात तेव्हा ओळखीच्या गोठेवाल्याकडून एक-दोन पेंढ्या घेतल्या तर लहानशा सशाला बरेच दिवस पुरतात. भाताचा पेंढा मात्र अंथरायला घ्या. त्यावर पोट भरण्यात अर्थ नाही, कस नसतो त्यात.

लसूणघास मोठ्या प्रेमानं घालतात लोक, हिरवा आणि रसरशीत दिसतो म्हणून. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तो उत्तम. मोठ्या सशाला रोज नको. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर, आणि ससा खाल्लेलं कॅल्शियम बहुतेक सगळं शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतो. मूत्राशयात खडूसारखा गाळ साचायला लागला की दुखणं सुरू.

आणि एक इशारा. 'गाजर नको, गवत हवं' हे ऐकून कोणी 'गाजरगवत' घेऊन येऊ नका! विनोद नाही करत. पांढऱ्या फुलांचं ते काँग्रेस गवत, ज्याची भारतातली पहिली नोंद पन्नासच्या दशकात आमच्या पुण्यातच झाली, त्याची पानं गाजराच्या पाल्यासारखी दिसतात म्हणून त्याचं नाव गाजरगवत. ते जनावरांना विषारी आहे. घाणेरी, रुई, कण्हेर यांनाही लांब ठेवा. रस्त्याकडेचं धुरकटलेलं, फवारणी झालेलं गवत नको, आणि बागेतल्या यंत्रानं कापलेला ओला चुरा तर नकोच, तो तासा-दोन तासांत तापून आंबतो.

पालेभाजीत आपण सुदैवी आहोत. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, आणि खऱ्या गाजराचा पाला, जो भाजीवाली फुकट देते, हे दोन किलोच्या सशाला रोज मूठ-दोन मुठी पुरे. नवा पाला एका वेळी एकच, थोडासा, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या बघून मग पुढचा. पालक अधूनमधून. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नाही. तयार गोळ्या घालायच्याच तर एकाच रंगाच्या साध्या, धागा अठरा टक्के किंवा जास्त असलेल्या, आणि वजनाच्या किलोमागे दिवसाला फार तर पंचवीस ग्रॅम. पाणी वाटीत द्या, चाटायच्या बाटलीपेक्षा वाटीतून ससे जास्त पाणी पितात.

आमच्या घरी ढगोबा आहे (बारसं मुलीनं केलं). दर रविवारी पिशवीत बसवून त्याचं वजन होतं आणि फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं जातं. एक किलो नऊशेच्या आसपास असतो. केसांमुळे सशाचा लठ्ठपणा डोळ्यांना कळतच नाही, हाताला कळतो. हलकं दाबल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. लठ्ठ सशाची वाकून मागे तोंड पोचत नाही, मग ते दुसरं जेवण चुकतं, मागचा भाग बरबटतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात तिथे माश्या अंडी घालतात. याहून जास्त वर्णन करत नाही, जेवणाची वेळ असेल तुमची.

ससा जाड झाला हे कळलं की पुढचा अस्सल मराठी उपाय म्हणजे उपास. माझी आत्या गेल्या वर्षी आली होती. शेजारच्या सशाकडे बघून म्हणाली, 'अहो, एक दिवस लंघन घाला, हलका होईल.' आत्यानं आम्हा सगळ्यांना लंघनावरच वाढवलंय, तिचा दोष नाही. पण सशाला लंघन म्हणजे आतडं बंद, आणि लठ्ठ सशाच्या बाबतीत तर चरबी लिव्हरवर उतरून दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या आधीसुद्धा सशाला उपाशी ठेवत नाहीत. कुत्र्या-मांजरांचीच सवय असलेले डॉक्टर कधीकधी 'रात्रीपासून काही देऊ नका' सांगतात, तेव्हा नम्रपणे पण ठामपणे विचारावं. पेनिसिलीनच्या घरातली औषधं तोंडावाटे दिली जात असतील तर तेव्हाही विचारावं, ती सशाच्या जिवाणूंचा निकाल लावतात. वजन उतरवायचं ते गोळ्या आणि फळं हळूहळू, काही आठवड्यांत कमी करून. गवत मात्र तसंच, हवं तेवढं.

खरी अडचण आपली आहे. आपल्याकडे माया दाखवायची म्हणजे भरवायचं. सशानं आपल्या बोटातून काहीतरी मटकावलं की आपल्याला बरं वाटतं, आणि सुक्या गवताचा ढीग टाकण्यात कसलं आलंय प्रेम! म्हणून मुलांना माझं सांगणं असतं की त्याला भरवायचंच असेल तर कोथिंबिरीची एक काडी भरवा, तेवढ्याच आनंदानं घेतो. आणि ससा घ्यायचं मनात असलेल्या मोठ्यांना एकच प्रश्न विचारतो: गवत कुठून आणणार? उत्तर नसेल तर मासे पाळा.

पावसाळ्याचं तेवढं सांगायचं राहिलं. जुलैत पुण्यातसुद्धा गवताला ओल धरते, मुंबई-कोकणात तर विचारूच नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलंत तर आतून बुरशी येते. गोणपाटात किंवा जुन्या सुती चादरीत गुंडाळून, जमिनीपासून उंचावर ठेवायचं, ऊन पडलं की तासभर पसरायचं. घालण्याआधी मूठभर नाकाशी धरून पाहायचं. गोडसर वास आला तर ठीक, कुबट आला तर सरळ कुंडीत.