‘अमजद खान’ हे नाव कुणाला सुचले?

भंडारा-गोंदियाचे तेव्हाचे भाजप खासदार नाना पटोले यांचा फोन ‘अमजद खान’ या नावाने, अमली पदार्थांचा तस्कर म्हणून ऐकला गेला, असा आरोप त्यांनी २०२१ साली विधानसभेत केला. बच्चू कडू म्हणे ‘निजामुद्दीन बाबू शेख’ झाले होते! तेव्हा पुण्याच्या पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला होत्या. नंतर त्या राज्य गुप्तवार्ता विभागाच्या प्रमुख झाल्या. २०२२ मध्ये पुण्यात आणि, राऊत-खडसेंच्या फोनवरून, मुंबईत गुन्हे दाखल झाले. मग सरकार बदलले. एकीकडे पोलिसांनीच तपास बंद केला, दुसरीकडे सरकारने खटल्याला मंजुरी नाकारली. सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला पोलीस महासंचालक.

कायद्याने प्रकरण मिटले. पण पुरावा कोर्टात तपासला गेलाच नाही, म्हणून आम्ही विचारतो: गुन्हेगार रचायचा तर मुसलमानाचे नाव लगेच कसे सापडते? २००६ साली खैरलांजीसाठी रस्त्यावर उतरलेल्या आमच्या माणसांमागे गृहमंत्री आर. आर. पाटलांना नक्षलवादी दिसले होते. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचेच होते, हे नानांनीही विसरू नये.

फोन ऐकायला गृह खात्याची परवानगी लागते. त्या प्रस्तावावर ‘अमजद खान’ कुणी लिहिले, ते साकोलीच्या आमदारांनी सभागृहात पुन्हा विचारावे.