पावती कुणाच्या नावावर?

पैसे बेताचे असले की घरात सायकल आधी मुलाला येते. मुलीने आणि आईने पायपीट करायची. नवी मुंबईच्या वस्त्यांत काम करताना मी हे सतत पाहते. म्हणून मैत्रिणींनो, सायकल घेताना 'लेडीज'चाच हट्ट नको. १९९१च्या सुमारास तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यातल्या साक्षरता मोहिमेत बाया सायकल शिकल्या. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या, तर त्यांनी जेंट्स घेतल्या. पुढच्या दांडीवर मूल बसते, हा त्यांचा हिशोब!

आपलाही हिशोब रोजच्या कामाचा असावा. बारीक टायरची, वाकड्या हँडलची सायकल पळते छान. पण पावसाळी खड्ड्यांत तिला जपावे लागते आणि कॅरिअर नसेल तर पिशवी खांद्यावरच. त्यापेक्षा जुनी, साधी, धड सायकल बरी. सीटवरून उतरल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकावेत, फ्रेमला तडा नसावा, चाक डुगडुगू नये, दोन्ही ब्रेक लागावेत. कुलूप-पंपाचे पैसे वेगळे ठेवा. पावती स्वतःच्याच नावाने घ्या.

आणि पाम बीच मार्गावर भरधाव मोटारींच्या शेजारी आपल्याला सुरक्षित जागा हवी, ही मागणी मात्र एकटीदुकटीची नाही. ती सगळ्याजणींनी मिळून लावून धरायची आहे.