हलच्या गव्हाचे काय झाले

गव्हाच्या दाण्यातील पिष्टाचे विकरांच्या साहाय्याने शर्करेत रूपांतर करून, ती यीस्टकडून आंबवून घेऊन आणि ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून वाफ वेगळी काढण्याच्या रीतीने, शुद्ध करून मिळवलेला मद्यार्क म्हणजे धान्यजन्य बायोइथेनॉल होय. उसाच्या मळीत शर्करा तयारच असल्यामुळे महाराष्ट्रातील मळीवर चालणाऱ्या आसवन्यांना यातील पहिली पायरी लागत नाही. या प्रक्रियेत खर्ची पडते ते मुख्यतः पिष्ट. प्रथिने, तंतू व स्निग्धांश चोथ्यात उरतात आणि तो वाळवला की गुरांचे सकस खाद्य होतो, तर आंबवताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड पेयांत, कत्तलखान्यांत आणि अन्नाच्या शीतकरणात वापरला जातो. ‘अन्न की इंधन’ हा आक्षेप त्यामुळे अर्धाच खरा ठरतो.

ब्रिटनमध्ये हा उद्योग टीसाइडचा एन्सस आणि हलजवळच्या सॉल्टएंडचा व्हिवर्गो या दोन मोठ्या कारखान्यांवर उभा होता. वर्षाला सुमारे ४२ कोटी लिटर क्षमतेचा व्हिवर्गो प्रामुख्याने पशुखाद्याच्या प्रतीचा गहू घेई. २०२१ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले ई१० पेट्रोल ब्रिटनमध्ये आले आणि मागणी वाढली. परंतु २०२५ च्या अमेरिकेशी झालेल्या व्यापार करारात १४० कोटी लिटर इथेनॉलवरील १९ टक्के आयातशुल्क शून्यावर आले, सरकारने आर्थिक मदत नाकारली आणि ऑगस्टमध्ये व्हिवर्गोने उत्पादन थांबवले.

स्वस्त आयातीचा हिशेब मांडताना केवळ लिटरचा भाव पाहणे, आणि त्यासोबत गेलेले पशुखाद्य, वायू व शेतकऱ्याची हक्काची बाजारपेठ न मोजणे, ही धोरणातील गंभीर चूक आहे.