इंजिन धरेपर्यंत

बंगळुरूच्या केंपेगौडा विमानतळावर टग विमान मागे ढकलतो, एसीची हवा थांबते आणि प्रवासी दचकून वर बघतात. बिघाड झालेला नसतो. शेपटातल्या छोट्या इंजिनाची हवा तेवढा वेळ मुख्य इंजिन फिरवायला लागते. खरी परीक्षा कॉकपिटमध्ये चालू असते. तापमान भलतेच चढले किंवा फेरे मध्येच अडकले, तर संगणक स्वतःच इंधन तोडतो आणि आत साचलेले इंधन बाहेर पडावे म्हणून इंजिन नुसते फिरवले जाते. स्टार्टरचा व्हॉल्व्ह उघडला नाही, तर खाली हेडसेट लावून उभा असलेला अभियंता वैमानिकाच्या सूचनेनुसार तो हाताने उघडतो. धडधडत्या इंजिनाशेजारी करायचे हे काम फार जोखमीचे, त्याची दखल मात्र कुणी घेत नाही. मार्च २०१६मध्ये इंडिगोकडे पहिले ए-३२० निओ आले, तेव्हा त्याच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनाला सुरू व्हायला जुन्या इंजिनांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागे. बंद इंजिनात गरम हवा वर साचते, आतल्या फिरत्या भागाची, म्हणजे रोटरची, वरची बाजू उशिरा निवते आणि तो किंचित वाकतो; तो सरळ होईपर्यंत इंधनाशिवाय फिरवावा लागे. कतार एअरवेजने तर या इंजिनाच्या तक्रारींमुळे विमान घ्यायलाच नकार दिला होता. पुढे सॉफ्टवेअर आणि सुट्या भागांत बदल करून हा वेळ कमी केला गेला. तरीही इंजिन धरले नाही, तर विमान परत पार्किंग बेवर नेण्याचा निर्णय कॅप्टनचाच असतो. अशा वेळी त्याने उशिराचे नेमके कारण प्रवाशांना मोकळेपणाने सांगायला हवे. ‘तांत्रिक कारण’ एवढ्या दोन शब्दांनी कुणाची धास्ती कमी होत नाही.