कुलूप शाबूत, किल्ली गहाळ

१/ फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या पदरी असलेल्या आंत्वान रोसिन्योल आणि त्याचा पुत्र बोनावांत्यूर यांनी एक सांकेतिक लिपी रचली. इतिहास तिला ‘महासंकेत’ म्हणून ओळखतो. राजाचा गुप्त पत्रव्यवहार या लिपीत होत असे. ही लिपी इतकी भक्कम ठरली की पुढे ती खुद्द फ्रान्सलाही वाचता येईना.

२/ रोसिन्योल पितापुत्रांच्या पश्चात महासंकेत वापरातून गेला. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, हे सांगणारे कोष्टक, म्हणजेच त्याची किल्ली, नाहीशी झाली. दप्तरखान्यात कागद शाबूत होता, शाईही शाबूत होती. तरी सुमारे दोनशे वर्षे ती पत्रे मुकीच राहिली.

३/ १८९० च्या सुमारास ही पत्रे फ्रेंच लष्करातील संकेतज्ञ एतिएन बाझेरी याच्याकडे आली. त्यांत ५८७ निरनिराळे आकडे होते. बहुतेक आकडे एकेका अक्षराऐवजी शब्दातील अवयव दर्शवतात, हे त्याने ओळखले. लष्करी पत्रांत ‘शत्रू’ हा शब्द वारंवार येणारच, या तर्काने १२४-२२-१२५-४६-३४५ हा क्रम उलगडला आणि सुमारे तीन वर्षांच्या श्रमांनंतर दप्तर बोलू लागले.

४/ याच्या अगदी उलट उदाहरण पहिल्या महायुद्धातले. ऑगस्ट १९१४ मध्ये ‘माग्देबुर्ग’ ही जर्मन युद्धनौका फिनलंडच्या आखातात खडकावर रुतली. तिच्यावरील संकेतपुस्तके रशियनांच्या हाती लागली आणि त्यांनी एक प्रत ब्रिटिशांना दिली. ब्रिटिश नौदलाच्या ‘खोली क्रमांक ४०’ मध्ये जर्मन संदेश वाचले जाऊ लागले. फ्रान्सची किल्ली हरवली होती, जर्मनीची परक्या हाती गेली.

५/ आज संस्था आपल्या माहितीच्या राखीव प्रती, म्हणजे बॅकअप, कूटबद्ध करून ठेवतात. ते योग्यच आहे. चोरीला गेलेली प्रत चोराच्या उपयोगी पडू नये. परंतु किल्ली एकाच कर्मचाऱ्याकडे किंवा ज्या संगणकाचा बॅकअप घेतला त्याच संगणकावर असेल, तर रोसिन्योलांचीच चूक पुन्हा होते. संगणक बिघडला की माहिती आणि किल्ली एकदमच जातात.

६/ येथे अनेकांना मोडी कागद आठवतील. पण मोडी हे कुलूप नव्हे. ती लिपी आहे आणि शिकणाऱ्याला शिकता येते. महासंकेतात भाषेच्या खुणा उरल्या होत्या, म्हणून बाझेरीला वाट सापडली. २००१ साली अमेरिकेने प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या एईएस सारख्या पद्धती नीट वापरल्या, तर अशी खूण मागे राहत नाही. उद्याच्या इतिहासकाराला बाझेरी मिळणार नाही.

७/ किल्लीच्या प्रती वाढल्या की धोकाही वाढतो, हा आक्षेप रास्त आहे. ‘माग्देबुर्ग’ त्याची साक्ष देते. त्यावर गणिती आदी शमीर यांनी १९७९ मध्ये उपाय मांडला : किल्लीचे पाच भाग करावेत, कोणतेही तीन एकत्र आले तरच ती सिद्ध व्हावी. दोन भाग हरवले तरी काम अडत नाही. दोनच चोरीला गेले तर चोराला काही कळत नाही.

८/ १८८३ मध्ये ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने सांगितले की पद्धत शत्रूला कळली तरी चालावी, गुप्त राहावी ती किल्ली. या सूत्रात आता एक भर घालायला हवी : किल्ली गुप्त राहावी, पण तिला वारसही असावा. ती बॅकअपपासून वेगळी ठेवावी, तिच्या रक्षकांची नोंद असावी, आणि दरवर्षी एकदा तरी तिने बॅकअप प्रत्यक्ष उघडून पाहावा. जे दप्तर त्याच्या धन्यालाही उघडता येत नाही, ते सुरक्षित नव्हे, नष्टच झालेले असते; फक्त ते कोणाच्या लक्षात आलेले नसते.